छातीतला जिताडा

पेणहून अलिबागकडे जाताना कार्लेखिंड उतरली की रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसू लागतात. फाल्गुन-चैत्रात तर मांडवामागून मांडव. त्यातला शेवटचा, चिंचेखालचा मांडव गोदूचा. तिच्या माळा दुरून ओळखू येतात. कांद्याची पात ती पाण्याचा हात लावून मऊ करते आणि मग अशी गुंफते, की माळ उचलून आपटली तरी एक कांदा सुटत नाही.

यंदा तिच्या मांडवात सगळ्यात मागच्या बांबूला एक माळ तांबड्या कांद्यांची होती. चारी बाजूंना दुधासारखे कांदे आणि मधेच ही एक, रक्त साकळल्यासारखी. गिऱ्हाईक विचारायचंच.

"मावशी, ती लाल कशी दिली?"

"ती इकायची न्हाय."

"मग टांगलीय कशाला?"

"एका म्हातारीची हाय. न्यायला येनार हाय ती."

म्हातारीचं नाव काशी. गोदूची सासू. आणि त्या माळेची गोष्ट सांगायची तर बावीस वर्षं मागे, रेवसच्या वाटेवरच्या माणखार नावाच्या गावात जावं लागेल.

माणखार खाडीला लागून. बांधाच्या आत भातशेती, दारापुढे तलाव, तलावात पाळलेला जिताडा मासा. गोदूच्या नवऱ्याचं, नामाचं घर रस्त्याच्या वळणावर. नामा खडीचा ट्रक चालवायचा आणि त्या ट्रकला त्याने भला मोठा भोंगा बसवून घेतला होता. वळणावर आला की भोंगा दाबायचा. बायकोला कळावं, नवरा आला, पान वाढ. गावातली कुत्री उठायची, कोंबड्या उडायच्या. नामाला त्यात मोठी ऐट वाटायची.

गोदू विसाव्या वर्षी त्या घरात आली, एकविसाव्या वर्षी तिला निकेत झाला. निकेत दीड महिन्याचा असताना एका दुपारी ती चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती. भाकरी तव्यात होती आणि वळणावर भोंगा वाजला. गोदूच्या छातीत काहीतरी उसळलं. जाळ्यात ओढलेला जिताडा कसा उलटापालटा होतो, तसं. तिला वाटलं, आता हा घशातून बाहेर पडेल. मग अंधार. हातपाय दोन-चार झटके खाऊन थांबले, चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

काशी धावत आली. बुक्कीने कांदा फोडला आणि सुनेच्या नाकाला दाबला. गोदूने डोळे उघडले. उठून बसली आणि काय झालं ते कळायच्या आत तिने तव्यातली भाकरी उलटली. भाकरी करपलीसुद्धा नव्हती.

"बघा," काशी शेजारणींना म्हणाली, "फेफरं हाय. कांदा लागला तशी उठली."

तिथेच सगळं चुकलं. गोदू पडायची, आपली आपण उठायची आणि जस मिळायचं कांद्याला. एकदा कांद्याने माणूस उठतं म्हटल्यावर दुखणं फेफऱ्याचंच. पुढे नऊ महिन्यांत ती पाच वेळा पडली. तीन वेळा भोंग्याने, एकदा हळदीच्या बँजोने, एकदा लग्नाच्या वरातीतल्या ॲटमबॉम्बने. गावातल्या बाया पाणवठ्यावर हसायच्या. "नामाचा भोंगा वाजला की गोदूबाय आडवी!" कुणाच्याही डोक्यात आलं नाही, की फेफरं भोंग्याची वाट बघत बसत नाही. गोदूच्या डोक्यात आलं होतं. ती नामाला म्हणाली, "तुमी भोंगा मारू नका, मना छातीत कसंतरी होतं." नामा हसला. काशी म्हणाली, "नवऱ्याच्या येन्यानं कुनाला कसंतरी होतं काय? ढोंग तरी नीट कर."

एका डॉक्टरकडे नेलं. काशीने सांगितलं, झटके येतात. डॉक्टरांनी झटक्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या चिठ्ठीने काशीच्या हातात शस्त्रच आलं.

निकेत अकरा महिन्यांचा असताना गावकी बसली. मारुतीच्या देवळासमोरचा पार. पारावर पुरुष, कडेला बाया. काशी चिठ्ठी नाचवत म्हणाली, "आज चुलीपुढं पडली, उद्या पोर घेऊन तलावात पडंल. मना माझा नातू जिता पायजे." गावकीने ऐकलं. बाईने माहेरी जावं, पोर बापाकडे राहावं. नामा मान खाली घालून चप्पलने माती उकरत होता. गोदू पाराच्या पायरीवर उभी होती, छातीशी दूध उतरलेलं, पदर ओला. काशी खाली आली, एक कांदा तिच्या ओटीत टाकला आणि म्हणाली, "ह्यो ठेव संगं. वाटंत पडलीस तर लोकांना शोधाया लागाया नको."

लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले.

तो हशा गोदूने माहेरी नेला.

भावाने तिला खिंडीखालचा मळ्याचा तुकडा दिला. तिथे ती कांदा लावायला शिकली. चार वर्षं झटक्याच्या गोळ्या खाल्ल्या. दिवसभर झोप यायची, जीभ जड व्हायची आणि पडायचं काही थांबलं नाही. मग गोळ्या सोडल्या आणि कानात कापूस घालायला लागली. कापसाने पडणं कमी झालं. आपल्या दुखण्याचं मूळ आवाजात आहे हे तिचं तिने शोधून काढलं होतं. पण फेफरेवालीचं ऐकतो कोण? इतर मांडववाल्या बाया तिला रांगेत घेत नव्हत्या, म्हणून तिचा मांडव शेवटी, चिंचेखाली.

माळ गुंफताना हात चालतात, डोकं रिकामं असतं. गोदूच्या रिकाम्या डोक्यात एकवीस वर्षं काशी बसलेली. पात मुरडायची, ओढायची, कांदा आत घ्यायचा, पुन्हा मुरडायची. प्रत्येक पिळाला ती काशीला काहीतरी म्हणायची. आधी शिव्या होत्या. काही वर्षांनी शिव्या गळून गेल्या, एकच वाक्य राहिलं. 'त्याच पारावर. त्याच लोकांपुढं. तुझ्याच तोंडानं.' देवाकडे तिने दुसरं काही मागितलं नाही. मुलगा परत दे, असंसुद्धा मागितलं नाही. मुलगा मागायला ऊर उघडा करावा लागतो. सूड मागायला तसं काही लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, कानातला कापूस पडला होता आणि एसटीने उतारावर कर्कश हॉर्न मारला. गोदू माळांसकट कोसळली. गिऱ्हाईकांनी तिला गाडीत घालून अलिबागला एका दवाखान्यात नेलं. दिवस गुरुवारचा. गुरुवारी तिथे मुंबईहून हृदयाची डॉक्टर यायची. अनुया नाव. वयाने गोदूची धाकटी बहीण शोभेल अशी.

डॉक्टरने छातीला वायरी लावून ठोक्यांची कागदी पट्टी काढली आणि पट्टीकडे बघत बसली. मग म्हणाली, "मावशी, पडण्याआधी काय होतं?"

गोदू तिच्याकडे बघतच राहिली. एवढ्या वर्षांत सगळ्यांनी विचारलं होतं, पडल्यावर काय होतं. आधीचं कुणी विचारलं नव्हतं.

"छातीत जिताडा उसलतो."

"आणि शुद्धीवर यायला किती वेळ लागतो?"

"भाकरी करपायच्या आत उठते मी."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. खुर्ची जवळ ओढून घेतली.

"मावशी, हे फेफरं नाही. फेफरं डोक्यातून निघतं. झटका गेला तरी माणूस बराच वेळ गुंगीत असतं. तुमच्या दुखण्याचं मूळ डोक्यात नाही, छातीत आहे. हृदय चालतं ते आतल्या विजेवर. तुमच्या हृदयाला एक ठोका झाल्यावर पुन्हा तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात दचकवणारा आवाज आला की ते भलतंच फडफडायला लागतं. डोक्याला रक्त पोचत नाही, म्हणून माणूस पडतं, हातपाय झटकतात. बघणाऱ्याला वाटतं फेफरं. कधी कधी उलटंही असतं, खरं फेफरं असतं आणि त्याने हृदयाचा ठोका बिघडतो. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून तर आधीचं विचारायचं आणि पट्टी काढायची."

"कांदा हुंगवला की उठायचे मी."

"कांदा नसता तरी उठला असता. फडफड थांबली म्हणून उठलात. एखाद्या दिवशी थांबली नसती तर…" डॉक्टरने पट्टी फाइलला लावली. मग म्हणाली, "बाळंतपणानंतर पहिल्यांदा झालं ना? तेव्हा हे जास्त उसळतं. आणि हे रक्तातून जातं. मुलं आहेत तुम्हाला? असली तर त्यांची पट्टी काढायलाच हवी."

"न्हाय," गोदू म्हणाली. "मना कोन न्हाय."

का म्हणाली? तिलाही नीट सांगता आलं नसतं. पोराचं नाव घ्यायचं म्हटलं की पाराची पायरी समोर यायची. रोजची गोळी घेऊन ती मांडवात परत आली आणि तीन दिवस तिला घास गिळेना. चौथ्या दिवशी माणखारच्या बाजूला बांगड्या घेऊन जाणाऱ्या रंगूला तिने गाठलं. "नामाला सांग, पोराच्या छातीची पट्टी काढा. माझं दुखनं फेफरं नव्हतं. रक्तातून जातं." रंगूने सांगितलं. पण ओटीवर नामा नव्हता, काशी होती.

रंगू आठवड्याने परत आली, खाली बघत. पिशवीतून तिने एक कांदा काढला. बाजारातला, तांबडा.

"काय बोलली?"

"जाऊ दे ना गोदूबाय."

"बोल."

"बोलली, आमच्या पोराला फेफरेवालीचं काय पन लागलेलं न्हाय. तिला सांग, ह्यो हुंगत बस."

गोदूने कांदा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला. मुरलेली कांदेवाली ती, म्हणाली, "बरा हाय. बियान्याला चालंल."

तिने तो टांगून ठेवला आणि थंडी पडल्यावर घरामागे लावला, मळ्यापासून लांब. पांढऱ्याच्या बियाण्यात तांबड्याची भेसळ व्हायला नको. त्याला गोंडे आले, बी धरलं. पुढच्या हंगामात ते बी पेरलं, रोपं लावली. ह्या फाल्गुनात त्या एका कांद्याचा वाफाभर कांदा झाला. त्यातले एकसारखे निवडून तिने माळ केली आणि मागच्या बांबूला टांगली. आता त्या घरातलं कुणी पडलं तर मी उचलायला जाणार नाही, असं तिने त्या माळेला सांगून ठेवलं होतं.

चैत्रातल्या एका गुरुवारी सकाळी नामा आला. स्कूटरवर आला, हॉर्न न वाजवता. केस पिकलेले, पोट सुटलेलं. ट्रक कधीच विकला होता. दुसरं लग्न त्याने केलं नव्हतं. आईने करू दिलं नाही की त्यालाच नको होतं, कुणाला ठाऊक.

गोदू माळ गुंफत राहिली. "गाडी सावलीत लाव, नामा."

बायकोच्या तोंडून आपलं नाव नामाने पहिल्यांदाच ऐकलं. तो दचकला. गाडी सावलीत लावली.

"निकेत पडला," तो म्हणाला.

पात गोदूच्या बोटांत तुटली.

"कवा?"

"दोनदा. तो रेवसच्या लाँचवर खलाशी हाय. भाऊच्या धक्क्याला जाते ती लाँच. सुटायच्या टायमाला भोंगा वाजला नि हा फळीवरच पडला. आनि मग घरी, मोबाइलच्या अलारामनी. आयनी कांदा लावला."

"मग लागला का कांदा?"

नामाने मान खाली घातली. "आयनी गावात कुनाला कलू दिलं न्हाय. साखरपुडा ठरलाय ना, हेमालीशी. लांब म्हसळ्याला नेलं डॉक्टरकडं, झटक्याच्या गोल्या दिल्या. गेल्या बेस्तरवारी मी त्याला अलिबागला नेलं. ती मुंबयची पोरगी बसते तिथं. तिनी दोन पट्ट्या काढल्या. एक चांगली, एक जरा लांबलेली. बोलली, घरात कुनाला असं हाय का? असंल तर कागद आना, लगेच कलंल. नसंल तर मुंबयला मोठ्या तपासन्या. तवर बोटीवर जायाचं न्हाय, एकटं झोपायचं न्हाय."

"मग सांगितलं न्हाय, आय हाय म्हनून?"

"आय संगं होती ना. ती बोलली…"

"काय बोलली काशी?"

"पोराची आय मेली, बोलली."

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. गोदूने तुटलेली पात काढून टाकली, दुसरी भिजवली.

"कागद माझ्याकडं हायत," ती म्हणाली. "तुला देनार न्हाय. मेलेली बाय कागद कसे देईल? तिला येऊ दे. गावकी कवा हाय?"

"सोमवारी."

"सोमवारी मी तुमच्या पारावर येते. काशीनं तिथं उभं राहून बोलायचं. गोदूला फेफरं नव्हतं. मी तिला घालवली ती चूक केली. पोराची आय जिती हाय. एवढं बोलली की कागद."

"गोदू, पोराचा जीव…"

"पोराचा जीव तुमच्या घरात हाय, माझ्या न्हाय. त्याला जिता ठेवायला म्हनूनच नेला ना माझ्यापासून? ठेवा."

नामाने स्टँड काढला. मग स्कूटर ढकलत रस्त्यापर्यंत गेला आणि तिथे चालू केली.

गोदू उठून मांडवात एक फेरी मारून आली. एकवीस वर्षं जे मागितलं ते चालत दारात आलं होतं. तोंडात गूळ असल्यासारखं वाटत होतं. तिने दोन गिऱ्हाइकं केली, हसून बोलली, एकाला चार सुटे कांदे वर दिले. दहा वाजले, अकरा वाजले. सोमवार चार दिवसांवर होता. चार दिवस म्हणजे काय, असं ती स्वतःला म्हणाली. इतकी वर्षं काढली मी.

दुपारी एसटी उतारावर आली. पुढे कुत्रं आडवं गेलं असेल. ड्रायव्हरने हॉर्न दाबून धरला. गोदूच्या छातीत जिताडा हलला. दोन वर्षांच्या गोळीने तो मऊ झाला होता; हलला आणि तळाशी बसला. ती पडली नाही. पण तिला दिसली रेवसची लाँच, धक्का, मधली अरुंद फळी. फळीखाली भरतीचं पाणी. आणि घरातला मोबाइल, रोज सकाळी ठरल्या वेळेला वाजणारा. चार दिवसांत चार सकाळी होत्या.

तिने मांडवावर फडका ओढला. हाताचा कांद्याचा वास तसाच, पत्र्याच्या पेटीतली दवाखान्याची फाइल काखेत मारली आणि पहिल्या मिळालेल्या रिक्षाला हात केला. वाटेत ती स्वतःवरच चिडली होती. काशीवर जेवढी चिडली होती त्याहून जास्त.

डॉक्टर अनुया निघायच्या तयारीत होती. गोदूने फाइल टेबलावर ठेवली.

"तो निकेत. रेवसच्या लाँचवरचा. माझा हाय तो. मी तवा खोटं बोलले, मना कोन न्हाय म्हनून."

डॉक्टरने एक शब्द टोचून म्हटला नाही. फाइल उघडली, जुनी पट्टी काढली, निकेतची लांबलेली पट्टी काढून शेजारी ठेवली. दोन पट्ट्या बराच वेळ बघितल्या. मग फोन लावला.

निकेत तासाभरात आला, मित्राच्या मोटरसायकलवर मागे बसून. उंच, उन्हाने रापलेला, हनुवटीवर कोवळी दाढी. दारात थबकला. गोदू बाकावर बसली होती. तीही उठली नाही.

डॉक्टरने त्याला सगळं समजावलं. झटक्याची गोळी अशी एकदम सोडायची नाही, ती मी म्हसळ्याच्या डॉक्टरांशी बोलून बंद करते. ही नवी रोज, एकही दिवस चुकवायची नाही. कुठलंही औषध घेताना आधी ही चिठ्ठी दाखवायची. अलार्म बंद. महिन्याने पुन्हा पट्टी, मग बोटीचं बघू. निकेत मान हलवत होता आणि तिरक्या डोळ्याने बाकाकडे बघत होता.

बाहेर व्हरांड्यात दोघं उभे राहिले. निकेत म्हणाला, "तुझ्याकडून तीन वेळा माळ नेलीय मी. एसटीतून उतरून. तू ओळखलं नाय."

"पयल्याच वेळी ओळखलं. नाक नामाचं, भुवया माझ्या."

"मग बोलली का नाय?"

"तू कुठं बोललास?"

तो हसला. हसताना त्याचा एक गाल जरा वर गेला आणि गोदूला अकरा महिन्यांचं पोर दिसलं. तिने तोंड फिरवलं. रडायला ती आली नव्हती.

"बाबा बोलला मला," निकेत म्हणाला. "सोमवारचं. आजी घरात भांडी आपटतेय. बोलते, जीव गेला तरी जानार नाय. मग रडते. मग परत बोलते, कुठली साडी नेसू?" तो थांबला. "आता कागद तर तू दिलेस. मग सोमवारचं कॅन्सल?"

गोदूने त्याच्याकडे पाहिलं. "तू तिला सांगनार?"

"तिनी माझ्या पन नाकाला कांदा चोळलाय," निकेत म्हणाला. "घरी पडून उठलो होतो मी, चांगला शुद्धीत होतो, तरी चोळला. दोन दिवस डोळे चुरचुरत होते. आनि साखरपुड्याच्या याद्या करताना हेमालीच्या आईला बोलली, पोराला काय पन नाय, आय फेफरेवाली होती ती कवाच मेली." तो व्हरांड्याच्या कठड्यावर बोट घासत राहिला. "मी लहान असताना तुझं नाव काढलं की जेवनाचं ताट उचलायची. मी नाय सांगनार. सोमवारपर्यंत गोळी गुपचूप खाईन."

"अलाराम?"

"आत्ताच बंद केला."

आईची आणि मुलाची ती पहिली बातचीत. सगळी मिळून दहा मिनिटांची, आणि ती एका म्हातारीला फसवण्याची. पण इतक्या वर्षांत गोदूचं कुणाशी एवढं जमलं नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी, ऊन पारावरून उतरत असताना, गोदू माणखारला पोचली. हिरवी नऊवारी, केसांत अबोली, हातात कापडी पिशवी. पार तोच. बसणारे काही तेच, काहींच्या जागी त्यांचे मुलगे. बाया कडेला. कुजबुज झाली आणि मग थांबली.

काशी आली. पंच्याहत्तरीची, वाकलेली, पण काठी न घेता आली. गोदू पाराच्या पायरीवर उभी राहिली, बरोबर त्याच पायरीवर, आणि म्हणाली, "बोल काशीबाय."

बायांमधून श्वास ओढल्याचा आवाज आला. सून सासूचं नाव घेत नाही. पंचांकडे बघून काशी पुटपुटली, "हिला… तवा जे झालं… असंल नसंल फेफरं…"

"मोठ्यानं. मागच्यांना ऐकाया येत न्हाय. तवा आलं होतं."

"गोदूला फेफरं नव्हतं!" काशी ओरडली. आवाज फाटला. "छातीचं दुखनं होतं. मना कललं न्हाय. मी चिठ्ठी दाखवून घालवली तिला."

"आनि?"

"चूक केली."

"आनि पोराची आय?"

काशीने निकेतकडे पाहिलं. तो बापाशेजारी हाताची घडी घालून उभा होता. त्याने नजर चुकवली नाही.

"पोराची आय जिती हाय," काशी म्हणाली आणि मटकन पारावर बसली. बसूनही हात पुढे केला. "आता दे कागद. दे लवकर. माझा नातू…"

"कागद बेस्तरवारीच दिले डॉक्टरला," गोदू म्हणाली. "चार दिवस झाले, गोली खातो तो."

काशीचा हात तसाच राहिला. तिने निकेतकडे पाहिलं, नामाकडे पाहिलं, पुन्हा निकेतकडे. हळूहळू तिला सगळं कळत गेलं ते पारावरच्या प्रत्येकाला दिसलं.

"म्हंजे… मना उगाच बोलायला लावलंस?"

"उगाच न्हाय."

"तू त्याची आय ना? मग पयलेच दिलेस तर मना का…"

"त्याची आय हाय म्हनून त्याला दिले. तुझी मी कोन न्हाय."

गोदूने पिशवीतून तांबड्या कांद्यांची माळ काढली. चांगली हातभर लांब, घट्ट. ती तिने काशीच्या पुढे केलेल्या हातात ठेवली. हात वजनाने खाली गेला.

"रंगूच्या हाती एक धाडला होतास. त्याचेच हे."

कुणीतरी हसलं. मागच्या बाजूला, बायांमध्ये. मोठ्याने नाही, पण हसलं. मग आणखी एक. काशीने मान वर केली नाही. ती कांद्यांकडे बघत होती. त्यांच्या पातीचा पीळ बोटांनी चाचपत होती, जणू कुठेतरी तो सैल सापडेल.

नामा पुढे आला. "आता आयलीस तर चहा तरी…"

"न्हाय."

निकेत तिच्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. वळणावर रिक्षा उभी होती, जिथे एके काळी भोंगा वाजायचा. "शुक्रवारी येतो मांडवात," तो म्हणाला, "हेमालीला घेऊन. तिला मी सांगितलंय सगळं. ती बोलली, आधी पट्टी काढू, मग साखरपुडा."

"शानी हाय. घेऊन ये."

रिक्षात बसताना गोदूने छातीवर हात ठेवला. ठोका एकामागे एक, न घाई न खंड. तिला वाटलं होतं, ह्या दिवशी तरी तो उसळेल. तो जागचा हलला नाही.

रिक्षा सुटली. असल्या वेळी मागे वळून बघू नये, असं जुनी माणसं म्हणतात. गोदूने मागे वळून पाहिलं. लोक पांगत होते. रिकाम्या होत चाललेल्या पारावर एक म्हातारी मांडीवर तांबडी माळ घेऊन बसली होती आणि तिला उठवायला अजून कुणी आलं नव्हतं. वळण येईपर्यंत गोदू बघत राहिली. बघायलाच तर ती आली होती.